कोरवंजीने सांगितलेला भूगोल

प्रवासवर्णन रंगभूमीवर आणणे हे वाटते तितके सोपे काम नाही. प्रवासवर्णनात बोलणारा एकटा असतो. नाटकाला निदान दोघे लागतात. प्रवासी पुढे पुढे जात असतो. रंगमंच मात्र जागच्या जागी असतो. प्रवासी डोंगर, नद्या, बाजार आणि माणसे यांचे वर्णन करतो. नाटकवाल्याला यांपैकी एकही वस्तू प्रेक्षकांपुढे उभी करता येत नाही. त्यातून ते प्रवासकथन विनोदी असेल, तर अडचण आणखीच वाढते. कारण लिहिणाऱ्याचा विनोद बहुधा त्याच्या सांगण्याच्या तऱ्हेत असतो, आणि सांगणारा बाजूला केला की विनोदही त्याच्याबरोबर निघून जातो.

मराठीत ही अडचण पु. ल. देशपांडे यांनी मोठ्या खुबीने सोडविली, हे सर्वांस ठाऊक आहे. 'बटाट्याची चाळ' हे त्यांचे पुस्तक १९५८ साली निघाले आणि १९६१ पासून ते स्वतः एकट्याने ते रंगमंचावर सादर करू लागले. चाळीतील भ्रमणमंडळाच्या पुण्याच्या सफरीचा जो भाग त्यात आहे, तो म्हणजे विनोदी प्रवासवर्णनच. परंतु ही युक्ती मराठी नाट्याला तेव्हा प्रथमच सुचली असे मात्र नाही. तिचा एक फार जुना आणि फार विलक्षण नमुना महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या काठी, तंजावरच्या मराठी राजांच्या दरबारात निर्माण झाला होता. सरफोजी राजांच्या 'देवेंद्र कोरवंजी' या मराठी नाटकाविषयी मी आज बोलणार आहे.

तंजावरच्या मराठी रंगभूमीची थोडी ओळख आधी करून घेतली पाहिजे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली. त्यांचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. हे शहाजी राजे स्वतः नाटककार होते. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे. म्हणजे विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. तंजावरची प्रजा तमिळ बोलणारी, आधीच्या नायक राजांची दरबारी भाषा तेलुगू, पंडितांची संस्कृत आणि राजघराण्याची मराठी. एवढ्या भाषा एका अंगणात नांदू लागल्या म्हणजे त्यांतून विनोद निघाल्यावाचून राहत नाही. शहाजी राजांनी 'पंचभाषाविलास' नावाचे नाटकच रचले. त्यात पाच भाषा एकाच रंगमंचावर एकमेकींना भेटतात. परक्या भाषेकडे हसतमुखाने पाहण्याची ही सवय तंजावरच्या नाट्याला अशी पहिल्यापासूनच लागली होती.

याच अंगणात 'कुरवंजी' हा तमिळ नाट्यप्रकार रुजला. तमिळ देशात कुरवर नावाची एक भटकी जमात आहे. डोंगरात राहावे, टोपल्या विणाव्यात, पाखरे धरावीत, आणि बायकांनी गावोगाव हिंडून हात पाहून भविष्य सांगावे, हा तिचा जुना व्यवसाय. आपल्याकडील कैकाडी हे याच लोकांचे नातलग मानले जातात. त्यांच्या घरच्या बोलीत तमिळचे अंश अद्याप आढळतात. या जमातीची भविष्य सांगणारी स्त्री म्हणजे कुरत्ती. तिच्यावरून या नाट्याला नाव पडले. मराठी कानांना हे निराळे वाटण्याचे कारण नाही. एकनाथ महाराजांच्या भारुडांत जोशी, वासुदेव आणि गारुडी येतात ते याच वाटेने. दारोदार हिंडणारे माणूस अंगणात उभे राहते, आणि घरात बसलेल्या माणसाला ठाऊक नसलेले काहीतरी सांगून जाते.

कुरवंजीचे कथानक ठरावीक असते. नायकाची मिरवणूक निघते. नायिका त्याला पाहते आणि विरहाने व्याकुळ होते. मग हातात काठी आणि कडेवर टोपली घेऊन कुरत्ती प्रवेश करते. भविष्य सांगण्याआधी ती स्वतःची ओळख करून देते, आणि ही ओळख म्हणजेच तिचे प्रवासवर्णन. आपला डोंगर किती उंच, तेथले झरे कसे, आपण कोणकोणत्या देशी गेलो आणि कोणकोणत्या राण्यांचे हात पाहिले, हे सारे ती ऐटीत गाऊन सांगते. शेवटी तिचा नवरा सिंगन् तिला शोधीत येतो. तिच्या अंगावर नवेनवे दागिने पाहून तो गोंधळतो. पायातले तोरडे पाहून त्याला साप वेटोळे घालून बसल्याचा भास होतो. ती हसून सांगते, हा साप नव्हे, अमुक देशात भविष्य सांगून मिळविलेला दागिना आहे. दागिन्यामागून दागिना आणि देशामागून देश, असा हा सवालजवाब रंगत जातो. तिरिकूट रासप्प कविरायर यांची अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'कुट्राल कुरवंजी' ही या प्रकारातील सर्वांत नावाजलेली कृती. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९४४ साली कलाक्षेत्रात ती नव्याने नृत्यात बसविली.

प्रवासवर्णन रंगमंचावर आणण्याची जी अडचण आरंभी सांगितली, ती या लोकनाट्याने किती सहज सोडविली आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रवास मागे घडून गेला आहे. रंगमंचावर प्रवासी उभा आहे. प्रवासाचा पुरावा त्याच्या अंगावर आहे. आणि ऐकणारा भोळा व संशयी असल्यामुळे सांगणाऱ्याला थापा मारण्याची सोय आहे. पाहणाऱ्याला हसू येते ते याच थापांचे. कुरत्ती खरोखर तेथे गेली होती की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

आता ही कुरत्ती ज्या राजाच्या हाती पडली, त्याच्याकडे वळू. सरफोजी यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले. पण गादी मिळाली ती अमरसिंगाशी झालेल्या दीर्घ वादानंतर, १७९८ साली. दरम्यान जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. गादीवर बसल्यानंतर वर्षभराने, १७९९ च्या ऑक्टोबरात, त्यांनी कंपनीशी जो तह केला, त्याने राज्याचा सारा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे किल्ला, त्याभोवतीचा थोडा भाग, आणि वर्षाला एक लक्ष होन व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. मराठ्यांच्या तलवारीने मिळविलेले राज्य एका कागदाने संपले.

राज्य गेलेला राजा काय करतो? बहुतेक जण ऐषआरामात दिवस घालवितात. सरफोजींनी ग्रंथ जमविले, नकाशे जमविले, नेत्ररोगांवर उपचार केले, छापखाना घातला. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्यांच्या छापखान्यात १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. 'नवविद्याकलानिधि' हे त्यांच्या शाळेचे नाव. 'नवी विद्या' ही दोन अक्षरे त्यांच्या मनात किती खोल रुजली होती, हे त्यावरून दिसते. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची आणि निसर्गशास्त्रज्ञांची नावे सहज बोलणारा हा राजा पाहून ते चकित झाले.

या नव्या विद्येबरोबर सरफोजींनी जुन्या धर्मकार्याचाही आग्रह सोडला नाही, आणि येथे ओरत्तनाडुची हकिकत येते. तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाताना हे गाव लागते. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी जागोजाग छत्रे बांधली होती. मुक्तांबा नावाची सरफोजींची एक प्रिय स्त्री होती. ती अकाली वारली, आणि तिच्या इच्छेस मान देऊन १८०२ साली राजांनी ओरत्तनाडुस तिच्या नावाने छत्र उभारले. गावालाही मुक्तांबापूर हे नाव दिले. लग्नाची राणी नसलेल्या स्त्रीचे स्मारक म्हणून राजाने वाटसरूंसाठी अन्नाचे घर बांधावे, ही गोष्ट इतिहासात फारशी आढळत नाही.

या छत्रांत काय चालत असे, ते खुद्द सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. छत्रांचे उत्पन्न कंपनीच्या हाती जाऊ नये, यासाठी ते पत्र होते. त्यातला आशय असा: ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीचा वाटसरू असो, जोगी, जंगम, बैरागी असो, सर्वांस शिजलेला भात मिळतो, जे शिजलेले घेत नाहीत त्यांना शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून, जेवावयाचे राहिलेल्यांना बोलाविले जाते. आजारी पडलेल्यास वैद्य आणि औषध, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची व्यवस्था, आणि वाटेत मरण पावलेल्यास त्याच्या रीतीप्रमाणे अखेरचा संस्कार. शिवाय मुलांना शिकविण्याची सोय. ओरत्तनाडुच्या छत्रातही विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि जेवण दोन्ही चालत असे.

मध्यरात्रीच्या त्या घंटेचा आपण क्षणभर विचार करू. घंटा ऐकून जे अंधारातून येत असतील, त्यांत काशीचे बैरागी असतील, महाराष्ट्रातून सेतूला निघालेली कुटुंबे असतील, आणि खांद्यावर जाळे टाकून गावोगाव हिंडणारे कुरवरही असतील. ही सारी माणसे जेवता जेवता बोलतात. वाटेतल्या नदीला पूर कसा होता, कोणत्या गावी फसलो, कोठे चोर भेटले, कोणाचे पाणी गोड लागले. छापील भूगोल येण्यापूर्वी आपल्या देशाचा भूगोल हा असा पंगतीत सांगितला जात असे. त्यात थोडी अतिशयोक्ती असे, बराच विनोद असे आणि पुष्कळ सत्य असे. कुरत्तीचे रंगमंचावरील प्रवासवर्णन ही याच बोलण्याची गाणी झालेली आहेत.

सरफोजींनी नेमके हेच साधन उचलले. 'देवेंद्र कोरवंजी' हे त्यांनी मराठीत रचलेले नाटक. जगाचा भूगोल गाण्यांतून सांगणारे. यातली श्रोती आहे प्रत्यक्ष इंद्राणी, देवांच्या राजाची राणी. आणि तिच्यापुढे उभी आहे जातीच्या उतरंडीत अगदी खालची, टोपली घेऊन हिंडणारी कोरवंजी. जुन्या कुरवंजीत ती आपला डोंगर आणि आपले देश सांगत असे; येथे ती सारी पृथ्वी सांगते. युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका हे चार खंड, त्यांतले देश, नद्या आणि पर्वत तिच्या तोंडी येतात. मेरूभोवतीची सात द्वीपे आणि दुधातुपाचे समुद्र यांची जागा येथे नव्या शास्त्राच्या गोल पृथ्वीने घेतली आहे.

या युक्तीत सरफोजींचा चाणाक्षपणा किती आहे, ते पाहा. पुराणातला भूगोल खोटा, असे दरबारातल्या शास्त्र्यांना तोंडावर सांगणे हे राजालाही अवघड काम होते. पण कोरवंजी सांगते आहे म्हटल्यावर कोण रागावणार? ती तर थापा मारण्याबद्दलच प्रसिद्ध. ऐकणाऱ्याने हसून सोडून द्यावे, एवढी मोकळीक तिने आधीच दिलेली असते. गंमत अशी की, या वेळी तिची प्रत्येक थाप खरी आहे. समुद्रापलीकडे अमेरिका नावाचा देश आहे, हे १८०० च्या सुमारास तंजावरच्या अंगणात बसलेल्या माणसाला, कुट्रालच्या डोंगरावरून सूर्याच्या रथाची चाके घसरतात यापेक्षा अधिक खरे वाटण्याचे काय कारण होते? जुन्या कुरवंजीत अशक्य गोष्ट थाटात सांगितल्यामुळे हसू येई. नव्या कोरवंजीत खरी गोष्टच अशक्य वाटावी अशी होती. विनोदाचे साधन तेच ठेवून राजाने त्यात विद्या भरली.

दुसरी गोष्ट भाषेची. हे नाटक इंग्रजी शिकलेल्या राजाने इंग्रजीत रचले नाही, पंडितांसाठी संस्कृतातही रचले नाही; मराठीत रचले. मुंबईकडे मराठी शालेय पुस्तके निघू लागली ती १८२० नंतर. तंजावरच्या मराठीने मात्र नव्या जगाच्या भूगोलाला आपल्या दरूंत, म्हणजे नाट्यपदांत, बसविण्याचा प्रयत्न केला. पंतोजींच्या शाळेत मुले पाढे आणि परवचा सुरात म्हणून पाठ करीत. तोच न्याय येथे भूगोलाला लावला. सुरात म्हटलेले नाव विसरत नाही, हे ओव्या आणि अभंग पाठ असणाऱ्या आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

आता या नाटकाचे यश किती, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. मला वाटते, येथे शिक्षक जिंकला आणि नाटककाराला थोडी माघार घ्यावी लागली. कुट्रालच्या सिंगीच्या बोलण्यात प्रत्येक देशामागे एक दागिना आहे. प्रेक्षकाला तो देश दिसत नाही, पण पायातला तोरडा दिसतो, आणि त्याच्याकडे पाहून डोळे विस्फारणारा नवरा दिसतो. साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगावयाचा म्हटला, की प्रत्येक नावामागे असा दागिना ठेवणे शक्य नसते. नावांची दाटी होते, आणि दाटी झाली की हसणे मागे पडते. प्रवासवर्णन रंगमंचावर आणणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे: प्रेक्षक ठिकाणे पाहावयास येत नाही, ठिकाणे पाहून आलेले माणूस पाहावयास येतो. चाळीतल्या भ्रमणमंडळाच्या सफरीत पुणे फारसे दिसतच नाही. दिसतात ती चाळीतली माणसे, आणि म्हणूनच ती सफर आपण विसरत नाही.

परंतु एवढ्यावरून सरफोजींचा प्रयत्न फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना करमणुकीपुरते नाटक करावयाचे नव्हते. आपल्या लोकांच्या मनातल्या जगाची सीमा हलवावयाची होती. ज्या राजाच्या स्वतःच्या राज्याची सीमा किल्ल्याच्या खंदकापर्यंत येऊन ठेपली होती, त्याने पृथ्वीच्या चारही खंडांचे वर्णन एका भटक्या स्त्रीच्या तोंडी घालावे, यात मला एक करुण आणि त्याबरोबरच एक अभिमानाची गोष्ट दिसते. जिंकणाऱ्यांच्या हाती भूमी गेली. भूमीचे ज्ञान मात्र त्यांच्याकडून हक्काने घेऊन ते आपल्या भाषेत आणावयाचे, असा हा निश्चय होता.

राजे केवळ नकाशावर हिंडले असेही नाही. १८२० साली ते सुमारे तीन हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले, आणि १८२२ साली परतले. वाटेत त्यांनी देवदर्शनाबरोबर हस्तलिखितेही गोळा केली. या प्रवासावरही मराठीत कवने झाली. 'त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या' या नावाने ती ओळखली जातात. यात्रेचे वर्णन लावणीत आणि जगाचे वर्णन कोरवंजीत, असा हा तंजावरचा थाट. इकडे तमिळ कवी कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी खुद्द सरफोजींनाच नायक करून 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली, आणि ती बृहदीश्वराच्या देवळात देवदासी विसाव्या शतकापर्यंत सादर करीत होत्या. तमिळ कवीने मराठी राजाला आपल्या नाट्यात बसविले, मराठी राजाने तमिळ नाट्य आपल्या भाषेत आणले. याहून सुंदर देवघेव कोणती?

पुढची हकिकत मात्र सुखाची नाही. सरफोजी १८३२ साली वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली वारल्यावर औरस पुत्र नाही म्हणून कंपनीने तंजावरचे राजपद संपविले. रंगमंचावर इंद्राणीला पृथ्वी शिकविणाऱ्या कोरवंजीच्या जमातीचे नशीब त्याहून वाईट निघाले. इंग्रजी अमलात मद्रास इलाख्यातील कोरवर आणि मुंबई इलाख्यातील कैकाडी, दोघेही 'गुन्हेगार जाती' म्हणून नोंदले गेले. जिचे हिंडणे हीच जिची विद्या होती, तिचे हिंडणे हाच गुन्हा ठरला. पोलिसांकडे हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असे नियम आले. तो कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली. एका काळाने या स्त्रीच्या टोपलीत साऱ्या जगाचा भूगोल पाहिला, पुढच्या काळाने तिच्याच टोपलीत चोरीचा माल शोधला. कोणता काळ अधिक सुधारलेला होता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

'देवेंद्र कोरवंजी' तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५० साली छापून प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात तिची ओळख अजूनही फार थोड्यांना आहे. आपण मराठी नाट्याचा इतिहास सांगलीपासून सुरू करतो आणि मराठी भूगोलाचा मुंबईपासून. या दोन्ही इतिहासांच्या आरंभी तंजावरच्या एका अंगणात एक कोरवंजी उभी आहे, हे आपण विसरतो. तिला रंगमंचावर पुन्हा उभे करावयाचे झाल्यास आजच्या नटीला थोडे काम करावे लागेल. नावांच्या दाटीतून निवड करावी लागेल, प्रत्येक देशासाठी एक तोरडा शोधावा लागेल, आणि सिंगन् सारखा भोळा संशयी श्रोता शेजारी उभा करावा लागेल. पण मूळ गाभा तयार आहे. मराठी बोलणारी, तमिळ मुलखातली, घरदार नसलेली एक स्त्री, स्वर्गाच्या राणीला हसत हसत सांगते आहे की, बाई, तुझ्या स्वर्गाखाली जी पृथ्वी आहे, ती तुला वाटते त्याहून फार मोठी आहे. हे ऐकावयास प्रेक्षक आजही मिळेल, अशी माझी खात्री आहे.